मिकी माऊसच्या गावी मुक्काम : खोलीचे पैसे नेमके कशाचे?

आपल्या समाजातील मुले-मुली शिकून आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाहीत. कोणी संगणकाच्या कामानिमित्त, कोणी संशोधनासाठी, तर कोणी नर्सिंगच्या नोकरीसाठी अमेरिकेत स्थिरावले आहे. त्यांच्यामागून आई-वडीलही जाऊन येतात. कोणी रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले असतात, कोणी महापालिकेच्या सेवेतून, कोणी गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी करून पोरांना शिकवलेले असतात. परत आल्यावर ते मोबाईलवर फोटो दाखवतात. त्यांत एक फोटो हमखास असतो : मागे परीकथेतला निळा-पांढरा किल्ला, पुढे सून, नातवंडे, आणि टोपी घातलेले आजोबा. फोटो पाहून झाले की मग बिलाची गोष्ट निघते. चार रात्रींचे एवढे पैसे पोराने भरले आणि आपण तर तिथे झोपायलाच गेलो, ही रुखरुख आम्ही पुष्कळ घरांतून ऐकली आहे. आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवलेल्या माणसाला ती वाटणारच.

म्हणून या वेळी आम्ही फ्लोरिडा राज्यातील ऑर्लँडो शहराजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधील हॉटेलांचा हिशेब मांडायचे ठरवले. पाळणे आणि मिरवणुका यांची वर्णने इतरत्र भरपूर मिळतात. आम्हाला सांगायचे आहे ते खोलीच्या भाड्यात काय काय येते, आणि ते कोणाला परवडते, हे.

मुळात करमणुकीच्या बागेत हॉटेले आली कशी? वॉल्ट डिस्ने यांनी आपले पहिले उद्यान, डिस्नेलँड, १९५५ च्या जुलैत कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे उघडले. जागा अवघी १६० एकर. उद्यान बांधण्यातच पैसा संपला, हॉटेल बांधायला उरला नाही. तेव्हा जॅक रॅथर नावाच्या धनिकाने शेजारी हॉटेल बांधले आणि त्याला 'डिस्नेलँड हॉटेल' असे नाव मिळाले. पाहता पाहता आजूबाजूला मोटेलांची रांगच लागली. गर्दी डिस्नेने जमवायची आणि रात्रीचे भाडे शेजाऱ्यांनी खायचे, असा तो प्रकार झाला. ते मूळ हॉटेल कंपनीला स्वतःच्या ताब्यात घ्यायला १९८८ साल उजाडले.

हा धडा डिस्ने विसरले नाहीत. १९६४-६५ मध्ये त्यांनी फ्लोरिडात निरनिराळ्या नावांच्या कंपन्या काढून गुपचूप जमीन घेतली. सुमारे २७ हजार एकर जमीन सुमारे ५० लाख डॉलरमध्ये मिळाली, म्हणजे एकरामागे २०० डॉलरसुद्धा पडले नाहीत. दलदल होती, चिलटे होती, म्हणून स्वस्त. डिस्ने १९६६ च्या डिसेंबरात वारले. उद्यान उघडले ते १ ऑक्टोबर १९७१ रोजी, आणि त्याच दिवशी दोन हॉटेलेही उघडली : कंटेम्पररी आणि पॉलिनेशियन. आज हा सारा परिसर सुमारे १०० चौरस किलोमीटरचा आहे. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची जुनी मुंबई त्यात सहज मावेल आणि वर जागा उरेल. आत चार मोठी उद्याने, दोन जलक्रीडा उद्याने आणि पंचवीसहून अधिक हॉटेले आहेत. आपली चाळ ते आपले मैदान एवढेच अंतर मोजायची सवय असलेल्या माणसाने हे आधी ध्यानात घ्यावे, कारण पुढचा सगळा हिशेब अंतराचाच आहे.

कंपनीने आपली हॉटेले तीन पायऱ्यांत लावली आहेत. सर्वांत खालची पायरी 'व्हॅल्यू' म्हणजे स्वस्त गट, मधली 'मॉडरेट' आणि वरची 'डिलक्स'. गंमत अशी की पहिली तेवीस वर्षे स्वस्त गट नव्हताच. मधला गट १९८८ साली कॅरिबियन बीच या हॉटेलाने सुरू झाला आणि स्वस्त गट १९९४ साली ऑल-स्टार स्पोर्ट्सने. पुढे ऑल-स्टार म्युझिक, ऑल-स्टार मूव्हीज, २००३ मध्ये पॉप सेंच्युरी आणि २०१२ मध्ये आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन अशी त्यात भर पडली. कष्टकऱ्याच्या खिशातही पैसा असतो, फक्त तो थोडा थोडा काढावा लागतो, हे कंपनीच्या ध्यानात यायला एवढा वेळ लागला! आज मात्र संख्येने हाच गट भारी आहे. ऑल-स्टार स्पोर्ट्स आणि ऑल-स्टार मूव्हीजमध्ये प्रत्येकी १,९२० खोल्या आणि एकट्या पॉप सेंच्युरीत २,८८०.

स्वस्त गटातील खोली २६० चौरस फुटांची असते. बी.डी.डी. चाळीतली आपली खोली १६० चौरस फुटांची, आणि तिच्यात तीन पिढ्या नांदल्या. तेव्हा या खोलीला लहान म्हणावे असे आम्हाला तरी वाटत नाही. नूतनीकरणानंतर बहुतेक खोल्यांत एक मोठा पलंग कायमचा आणि दुसरा भिंतीत बसवलेला आहे. दिवसा तिथे जेवणाचे टेबल, रात्री ते खाली पाडले की पलंग. ही युक्ती आपल्या माणसाला कोणी शिकवायला नको! कपाटाएवढा फ्रीज असेल या आशेने मात्र जाऊ नये. छोटा फ्रीज मिळतो, कॉफीचे यंत्र मिळते. पण खोलीत शेगडी लावून वरणभात करायला परवानगी नाही. आणि एक सांगून ठेवतो : तिथल्या संडासात कागद असतो, पाण्याची सोय नसते. सामानात प्लॅस्टिकचा एक मग टाकावा. यात लाजण्यासारखे काही नाही.

आता दर. मंदीच्या दिवसांत स्वस्त गटातली साधी खोली दीडशे डॉलरच्या आसपास मिळते, म्हणजे आपले तेरा हजार रुपये तरी धरा. नाताळच्या सुट्टीत तीच दुपटीवर जाते. मधल्या गटात खोली सुमारे ३१४ चौरस फुटांची, दर अडीचशे डॉलरच्या पुढे. वरच्या गटातील ग्रँड फ्लोरिडियनसारख्या हॉटेलात सातशे-आठशे डॉलर रोजचे, आणि गर्दीच्या दिवसांत हजारावर. या सर्वांवर साडेबारा ते साडेतेरा टक्के कर वेगळा. एकेकाळी एका एकराला जेवढे पैसे पडले, जवळपास तेवढे आज स्वस्तातल्या खोलीला एका रात्रीचे पडतात, हा हिशेब आम्ही सहज करून पाहिला.

उद्यानाचे तिकीट यात नाही, हे विसरू नये. १९७१ साली आत शिरायचे मोठ्या माणसाचे तिकीट साडेतीन डॉलर होते आणि पाळण्यांचे पैसे निराळे. आज एका दिवसाचे तिकीट दिवस पाहून सव्वाशेपासून दोनशे डॉलरच्या घरात जाते. तीन वर्षांखालील मूल फुकट, दहा वर्षांचे झाले की ते मोठे माणूस. म्हणजे आजी-आजोबा, मुलगा, सून आणि दोन नातवंडे असे सहा जण निघाले तर तिकिटांपुढे खोलीचे भाडे लहानच दिसते. मग खोलीत कशाला काटकसर, असे पोरे म्हणतात. आमचे म्हणणे उलट आहे. तिकिटाच्या पैशात कमी-जास्त करता येत नाही. हात आखडता येतो तो इथेच.

सहा जणांच्या कुटुंबाची आणखी एक अडचण. साधी खोली चार जणांची. दर दोन प्रौढांचा धरलेला असतो, तिसरे-चौथे मोठे माणूस आले की रोजची जादा आकारणी होते. सहा जणांसाठी आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन आणि ऑल-स्टार म्युझिकमध्ये दोन न्हाणीघरांच्या मोठ्या खोल्या आहेत, पण त्यांचा दर पाहून डोळे फिरतात. पुष्कळदा मध्ये दार असलेल्या दोन साध्या खोल्या घेतल्या तर त्या स्वस्त पडतात, शिवाय म्हाताऱ्यांना आठ वाजता दिवा मालवता येतो. पोरांनी आरक्षण करण्यापूर्वी दोन्ही दर शेजारी ठेवून पाहावेत.

मग बाहेरच्या हॉटेलापेक्षा हे दीडशे डॉलर जास्त कशाचे? बाहेर, डिस्नेच्या हद्दीला लागून, शंभर डॉलरच्या आतबाहेर भरपूर हॉटेले आहेत. तिथे सकाळचा नाश्ता पुष्कळदा भाड्यातच असतो. काही ठिकाणी खोलीतच छोटे स्वयंपाकघर असते. मधुमेहाची गोळी घेणाऱ्या आजींना वेळेवर पोळी-भाजी हवी असेल तर या एका सोयीपुढे मिकी माऊसच्या भिंतीवरील चित्रांची किंमत शून्य आहे, असे आम्ही स्पष्ट म्हणू. फक्त तिथे दर वाचताना सावध राहावे लागते. 'रिसॉर्ट फी' या नावाखाली रोज वीस-तीस-चाळीस डॉलर मागाहून लावण्याची खोड तिकडच्या हॉटेलांना होती. १२ मे २०२५ पासून अमेरिकेच्या व्यापार आयोगाचा नियम लागू झाला असून अशी सक्तीची फी जाहिरातीच्या दरातच धरून दाखवावी लागते. फी गेलेली नाही, लपवणे बंद झाले आहे. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांत अशी फी लावत नाहीत, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. बाहेर राहिलात तर मोटार हवी, आणि उद्यानाच्या दाराशी ती उभी करायचे रोजचे तीस डॉलर आणि वर. हे धरले की शंभरचे दीडशे व्हायला वेळ लागत नाही.

डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्याला पूर्वी बरेच काही फुकट मिळे. २००५ पासून विमानतळावरून हॉटेलपर्यंत बस फुकट होती, सामानसुद्धा तेच खोलीत आणून ठेवत. ती २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली. मनगटावर बांधायचा जादूचा पट्टा, ज्याने खोलीचे दार उघडते, तो २०२० अखेरपर्यंत फुकट होता, आता विकत. पाळण्याच्या रांगेत पुढे जाण्याची चिठ्ठी सर्वांनाच फुकट होती, ती २०२१ पासून पैशांची झाली. २०२४ च्या जुलैपासून हॉटेलातील पाहुण्याला ही विकतची चिठ्ठी सात दिवस आधी घेता येते, बाहेरच्याला तीन दिवस आधी. म्हणजे पूर्वी सवलत मिळे, आता सवलत आधी विकत घेण्याची सवलत मिळते! मध्यंतरी, २०१८ च्या मार्चपासून, हॉटेलात राहणाऱ्याकडूनच त्याची गाडी रात्री उभी करण्याचे पैसे घेऊ लागले. लोकांनी फार ओरड केली तेव्हा २०२३ च्या जानेवारीत ते रद्द झाले. ओरड केल्याने काही होत नाही असे म्हणणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिले.

मग शिल्लक काय राहिले? दोन गोष्टी, आणि दोन्ही वयस्कर माणसाच्या कामाच्या. चारही उद्यानांत हॉटेलवाल्यांना रोज अर्धा तास आधी सोडतात. गिरणीत, रेल्वेत, कचऱ्याच्या गाडीवर पहिली पाळी केलेल्या माणसाला पहाटे उठायला घड्याळ लागत नाही. तो अर्धा तास आणि त्यापुढचा एक तास एवढ्यात जे पाहून होते, ते दुपारी तीन तास रांगेत उभे राहून होत नाही. तरुण पोरे सकाळी झोपून राहतात आणि ही सवलत वाया घालवतात. आजोबांनीच त्यांना उठवावे.

दुसरी गोष्ट वाहतूक. हॉटेलापासून उद्यानापर्यंत बस फुकट असते. मॅजिक किंग्डम या सर्वांत जुन्या उद्यानाला बाहेरून मोटारीने गेले तर गाडी एका विस्तीर्ण तळावर लावायची, तिथून पुढे जायचे, मग तलाव ओलांडायला बोट किंवा एका रुळावरची गाडी, आणि मग दार. हॉटेलची बस सरळ दाराजवळ सोडते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हा फरक जमिनीअस्मानाचा वाटतो, कारण आत दिवसभरात दहा-बारा किलोमीटर चालणे सहज होते. २०१९ च्या सप्टेंबरपासून हवेतून तारेवर लटकणाऱ्या डब्यांची सोयही झाली आहे. पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन या स्वस्त गटातील दोन हॉटेलांतून त्या डब्यात बसून एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या दोन उद्यानांना जाता येते. ऑल-स्टारला फक्त बस. म्हणून दोन्हींच्या दरात वीस-तीस डॉलरचाच फरक असेल तर आम्ही पॉप सेंच्युरीच्या बाजूने कौल देऊ.

आता आमचा मुख्य निकष. फ्लोरिडात जून ते सप्टेंबर ऊन आणि दमटपणा आपल्या मुंबईच्या मे महिन्यासारखा असतो, आणि दुपारी बहुधा विजांसह पाऊस कोसळतो. पोरांना शाळेच्या सुट्ट्याही नेमक्या तेव्हाच. अशा वेळी कुटुंब दुपारी बारा-एकला खोलीवर परत येणार असेल, जेवून दोन तास आडवे होणार असेल आणि संध्याकाळी पुन्हा जाणार असेल, तरच डिस्नेच्या हॉटेलाचे जादा पैसे वसूल होतात. 'पैसे भरलेत, आता रात्रीपर्यंत बाहेर पडायचे नाही' अशा जिद्दीने सकाळी आठ ते रात्री दहा उद्यानातच राहायचे असेल, तर बाहेरची शंभर डॉलरची खोली घ्यावी. झोपायला दोन्ही सारख्याच. आई-वडिलांची कुचंबणा इथेच होते. पोराचे पैसे वाया जातील म्हणून ते थकलो असे म्हणत नाहीत. सुनेने विचारले तर 'आम्ही बरे आहोत' म्हणतात आणि सावलीत बाकावर बसून राहतात. मुलांनी विचारण्याची वाट पाहू नये. दुपारचा मुक्काम आधीच ठरवून टाकावा आणि तो नातवंडांसाठी आहे असे सांगावे, म्हणजे आजोबाही निमूट येतात.

वरच्या गटाच्या हॉटेलांत राहावे का? आमच्या मते नाही, पण पाहायला जरूर जावे. अ‍ॅनिमल किंगडम लॉज हे २००१ साली उघडलेले हॉटेल आफ्रिकेच्या धर्तीवर आहे. खोलीच्या सज्जातून जिराफ आणि झेब्रे चरताना दिसतात, आणि त्या सज्जाचे पैसे रग्गड घेतात. तेच जिराफ हॉटेलच्या मागच्या सार्वजनिक कठड्यावरून, खोली न घेता दिसतात. तिथे सनाआ नावाचे उपाहारगृह आहे. पाच तऱ्हेचे नान-कुलचे-पराठे आणि नऊ तऱ्हेच्या चटण्या-रायती असे एक ताट तिथे प्रसिद्ध आहे. चटणी-भाकर हे आपल्याकडे गरिबाचे जेवण. तिकडे ते अपूर्वाईचे पक्वान्न झाले आहे! उद्यानाचे तिकीट न काढता, फुकटच्या बसने आणि रुळावरच्या गाडीने ही हॉटेले पाहत फिरण्यात एक अख्खा दिवस मजेत जातो. मोठ्या माणसांना तो दिवस पाळण्यांपेक्षा जास्त आवडतो असा पुष्कळांचा अनुभव आहे. उद्यानात बाहेरचे खाणे नेऊ देतात, काचेची भांडी आणि दारू तेवढी नको. डबा बांधून न्यायला कोणाची हरकत नाही.

हॉटेलाच्या दारात आपण आज निर्धास्त शिरतो. पण त्याच फ्लोरिडा राज्यात, ऑर्लँडोपासून दीड-दोन तासांच्या अंतरावर, सेंट ऑगस्टीन गावी एक मॉन्सन मोटेल होते. १९६४ च्या जूनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांना तिथे जेवायला मागितले म्हणून अटक झाली. आठवड्याने, १८ जून रोजी, काळे आणि गोरे कार्यकर्ते मिळून त्या मोटेलच्या पोहण्याच्या तलावात उतरले, तेव्हा मालकाने पाण्यात अ‍ॅसिड ओतले. त्या काळी काळ्या कुटुंबाला प्रवासात कुठे खोली मिळेल, कुठे जेवण मिळेल, हे सांगणारी एक पुस्तिका जवळ बाळगावी लागे. ती व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपाल कर्मचाऱ्याने १९३६ साली सुरू केली होती. २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्कांचा कायदा झाला आणि हॉटेलांना वर्णावरून माणूस परत पाठवता येईनासे झाले. अटलांटा शहरातील २१६ खोल्यांचे एक मोटेल त्याविरुद्ध कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी १४ डिसेंबरला एकमताने मोटेलवाल्याचा दावा फेटाळला. डिस्ने वर्ल्ड उघडले ते यानंतर सात वर्षांनी.

बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून १९१७ साली कोणाला बाहेर काढले गेले, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने तयार केलेल्या आपल्या संविधानात कलम १५ आहे. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे ही सर्वांना खुली असतील, असे त्यात शब्द घालून सांगितले आहे. ते २६ जानेवारी १९५० पासून अमलात आहे, अमेरिकेच्या कायद्याच्या चौदा वर्षे आधी. हॉटेल आणि करमणूक हे दोन शब्द तिथे उगाच आलेले नाहीत. तेव्हा पोराने हौसेने नेले तर 'आपल्यासारख्यांनी कशाला' असे आई-वडिलांनी म्हणू नये. पैशांचा विचार करावा, योग्यतेचा नव्हे.

आणखी एक बाजू आहे, आणि ती खोली झाडणाऱ्याची. डिस्ने वर्ल्डमध्ये सुमारे ऐंशी हजार माणसे कामाला आहेत. खोल्या साफ करणाऱ्यांत हैती, पोर्तो रिको अशा बेटांवरून आलेल्या स्त्रिया पुष्कळ. त्यांच्या सहा संघटनांची मिळून एक एकत्रित युनियन आहे. २०१८ च्या करारात या युनियनने किमान मजुरी तासाला दहा डॉलरवरून २०२१ पर्यंत पंधरा डॉलर करून घेतली. २०२३ च्या करारात वर्षअखेर ती अठरा डॉलर झाली. हा करार सुमारे ४५ हजार कामगारांना लागू झाला. अठरा डॉलर म्हणजे आपल्याला डोळे विस्फारण्याजोगी रक्कम वाटते. पण तिथे घरभाडे इतके आहे की हद्दीबाहेर किसिमी गावाच्या १९२ नंबरच्या रस्त्यावर, पूर्वी प्रवाशांसाठी बांधलेल्या मोटेलांत, गरीब कुटुंबे आठवड्याच्या भाड्याने वर्षानुवर्षे राहतात. २०१७ साली आलेला 'द फ्लोरिडा प्रोजेक्ट' हा चित्रपट अशाच एका मोटेलमधल्या लहान मुलीची गोष्ट सांगतो. तिच्या खेळण्याच्या जागेपासून डिस्नेचा किल्ला हाकेच्या अंतरावर, पण तिकीट आवाक्याबाहेर. २०२२ साली कंपनीने परवडणाऱ्या घरांसाठी ऐंशी एकर जागा देण्याचे जाहीर केले. सुमारे १,४०० घरांची ती योजना आहे.

२०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे सारे बंद झाले, जुलैत उद्याने उघडली, आणि सप्टेंबरात कंपनीने अमेरिकेतील आपले २८ हजार कामगार कमी करण्याचे जाहीर केले. त्यांतले बहुसंख्य अर्धवेळ काम करणारे होते. आपल्याकडील कंत्राटी सफाई कामगारांच्या घरी ही बातमी समजावून सांगण्याची गरज पडू नये.

खोली साफ करणाऱ्या बाईला बक्षिसी देण्याची तिथे रीत आहे. रोज तीन-चार डॉलर पुरेत. मात्र शेवटच्या दिवशी एकदम देऊ नयेत, कारण रोज तीच बाई येईल असे नसते. आज जिने चादरी बदलल्या तिला आजच मिळावे. पैसे उशीवर किंवा टेबलावर नुसते टाकले तर ते पाहुण्याचे विसरलेले पैसे समजून ती हात लावत नाही, चोरीचा आळ यायला नको म्हणून. एका कागदावर 'हाउसकीपिंग, थँक यू' असे लिहून त्यात नोटा गुंडाळून ठेवाव्यात. लिहिण्याचे काम नातवंडांना द्यावे, त्यांचे इंग्रजी अक्षर आपल्यापेक्षा बरे असते.